टेम्पोच्या दारावरचे नाव

या सदरातून आजवर आपण गोदामातील ओल, तिजोरीच्या बिजागऱ्यांचा गंज, जुन्या वह्यांना लागणारी कसर अशा घरच्या आणि पेढीवरच्या लहानसहान व्याधींची विचारपूस करीत आलो आहोत. या खेपेचा विषय त्याहूनही किरकोळ वाटेल. वाहनाच्या काचेवर आणि रंगावर वर्षानुवर्षे चिकटून बसलेली जुनी स्टिकरे काढावयाची कशी, एवढाच तो आहे. परंतु गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात या कामाने माझे तीन रविवार घेतले, आणि त्यांतला शेवटचा तर मी नुसता पाहत बसून काढला. म्हणून लिहितो.

आमची पेढी सांगलीच्या मार्केट यार्डातली. व्यवहार हळदीचा आणि गुळाचा. वडिलांचे नाव आणि पुढे ‘अँड सन्स’ अशी तिची पाटी. त्या ३१ मार्चला अण्णा आणि मी विभक्त झालो. भांडण झाले नाही. दोघांचीही मुले हाताशी आली होती, प्रत्येकाला धंदा आपापल्या रीतीने करावयाचा होता, आणि असे प्रसंग व्यापारी घराण्यांत येतच असतात. वाटणीपत्रानुसार दुकान आणि पेढीचे नाव अण्णांकडे गेले. गोदाम आणि टेम्पो माझ्याकडे आला. नाव अण्णांचे झाले खरे, पण ते टेम्पोच्या दोन्ही दारांवर हातभर लांबीच्या पिवळ्या अक्षरांत होते आणि टेम्पो रोज माझा माल घेऊन रस्त्यावर निघत होता.

आमच्या सीएंनी पहिल्याच बैठकीत त्याकडे बोट दाखविले होते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ याच्या ४५व्या कलमानुसार पेढी विसर्जित झाली तरी तशी जाहीर सूचना दिली जाईपर्यंत भागीदारांची तिऱ्हाइताप्रती असलेली जबाबदारी सुटत नाही. नोंदणीकृत पेढीची ती सूचना कशी द्यावयाची हे ७२व्या कलमात आहे : रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात. ते सर्व सोपस्कार यथासांग झाले. आणि तरीही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जयसिंगपूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याने आमच्या ड्रायव्हरला हटकून अण्णांच्या नावावर गुळाचे चाळीस रवे टेम्पोत चढविले. त्या भल्या गृहस्थाने राजपत्र वाचले नव्हते. त्याने दार वाचले होते.

दोन फोन झाले, माल संध्याकाळपर्यंत योग्य गोदामात पडला, कोणाचे काही बिघडले नाही. अण्णा फोनवर एवढेच म्हणाले, “ते नाव तेवढं काढून घे रे.” मला ते वाक्य दिवसभर ऐकू येत राहिले. त्यात राग नव्हता; असता तर बरे वाटले असते.

आता मूळ विषयाकडे वळू.

आपल्याकडे गाडीवरच्या अशा अक्षरांना सरसकट ‘रेडियम’ म्हणतात आणि ती कापून देणाऱ्यास रेडियमवाला. क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या त्या धातूचा या कागदाशी काडीचाही संबंध नाही. एके काळी अंधारात उजळणाऱ्या घड्याळांच्या आकड्यांत तो धातू असे, आणि रात्री चमकेल त्या प्रत्येक वस्तूला ते नाव चिकटले. आजच्या परावर्तक पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा लोलक असतात. साध्या रंगीत अक्षरांत तर तेही नसतात. ते निव्वळ व्हिनाइल, म्हणजे ज्या पीव्हीसीचे नळ आपण घरात बसवितो त्याचाच पातळ पापुद्रा. नळ ताठ आणि हा पापुद्रा मऊ, याचे कारण त्यात मिसळलेली मार्दवकारी द्रव्ये. ऊन आणि काळ यांनी ही द्रव्ये हळूहळू निघून जातात, पापुद्रा आक्रसतो, कडक होतो आणि नखाने उचलावयास गेले की पापडासारखा तुटतो. नवे स्टिकर सोलून निघते आणि जुन्याचे तुकडे पडतात, ते यामुळेच. आमच्या दारांवरच्या अक्षरांनी अकरा उन्हाळे पाहिले होते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. दाबताच चिकटणाऱ्या तयार लेबलांचा धंदा अमेरिकेत आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली लॉस एंजेलिसला सुरू केला आणि त्या पेढीचे सुरुवातीचे नावच मुळी ‘स्वच्छ निघून येते’ अशा अर्थाचे, ‘कम क्लीन’ असे होते. दुकानदाराने वस्तूवर किंमत चिकटवावी आणि ती मागे डाग न ठेवता निघावी, हे त्या मालाचे आकर्षण. म्हणजे चिकटण्याइतकेच निघण्याचे आश्वासनही या वस्तूच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. ते पाळले जात नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या रविवारी चिरंजीवांनी दाढीचे ब्लेड घेऊन डाव्या दाराला हात घातला. मी गोदामातून बाहेर येईपर्यंत वडिलांच्या नावातले पहिले अक्षर तुकड्यातुकड्यांनी खाली पडले होते आणि त्या जागी रंगावर तीन उभे ओरखडे उठले होते. त्यांतला एक पत्र्यापर्यंत पोचला होता. रंगावर ब्लेड चालवू नये, ही या संपूर्ण लेखातील एकमेव सक्तीची सूचना समजावी. काचेची गोष्ट निराळी. तिच्याकडे पुढे येऊ.

या कामात जोर उपयोगाचा नाही. मंद उष्णता आणि सावकाशी लागते. स्टिकरचा चिकट थर धड घन नाही, धड द्रव नाही, असा असतो. त्यास झटका दिला तर तो घनासारखा वागतो आणि पापुद्रा तुटतो. हळूहळू ओढले तर घट्ट काकवीसारखा पाझरत सैल होतो. ऊब दिल्याने तो अधिकच सैलावतो. घरातील केस वाळविण्याचा ड्रायर त्यास पुरेसा आहे. वीतभर अंतरावरून तो सतत हलता ठेवावा. पत्रा हाताला चांगला ऊन लागावा, पण चटका बसू नये. गॅरेजमधील हीट गन मागवून आणण्याचा मोह होतो, तो आवरावा. अति तापले की पापुद्रा एकटाच हाती येतो आणि सगळा चिकटा रंगावर राहतो. आणखी तापले तर रंगच फुगतो. ऊब बसल्यावर एक कोपरा नखाने, नाहीतर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचलावा आणि पट्टी वर न उपसता मागे दुमडून, सावकाश, एका लयीत ओढावी. जेथे अडेल तेथे थांबून पुन्हा ऊब द्यावी. एका अक्षरास मला सात-आठ मिनिटे लागली. एप्रिलातील सांगलीचे ऊन मात्र फुकट मिळते. दुपारी टेम्पोचे उजवे दार पश्चिमेकडे करून तासभर उभे केले, तर निम्मे काम सूर्यानेच केलेले असते.

टेम्पोचा हौदा आम्ही मध्यंतरी गॅरेजात रंगवून घेतला होता. त्यावरचा दूरध्वनी क्रमांक काढताना दोन ठिकाणी रंगाची साल निघून आली. केबिनच्या दारांवर तसे कोठेही झाले नाही. कारखान्यातला रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. गॅरेजचा रंग साठ अंशांच्या आसपास किंवा नुसत्या हवेवर सुकतो, आणि खालचा पत्रा नीट घासलेला नसेल तर त्याची पकड कच्चीच राहते. तेव्हा गाडीचा कोणता भाग पुन्हा रंगविलेला आहे, हे आठवून मगच हात घालावा.

पापुद्रा निघाल्यावर राहतो तो चिकटा. त्यावर धूळ बसून काळे चट्टे पडतात आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आमच्या ड्रायव्हरने थिनरची बाटली आणलीच होती. थिनर चिकटा विरघळवितो, पण रंगात आणि चिकट्यात तो भेद करीत नाही. पेट्रोलने चिकटा निघतो हे खरे. मात्र त्याची वाफ दूरवर पसरून पेट घेते आणि आपल्या गोदामांच्या दारात बारदान पडलेले असते, एवढे सांगणे पुरे. स्वयंपाकघरातले शेंगतेल किंवा खोबरेल, नाहीतर औषधाच्या दुकानातले निलगिरी तेल, यांचे बोट फिरवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मऊ सुती कापडाने चोळावे. चिकटा वळकट्या होऊन निघतो. करोनाच्या काळापासून प्रत्येक घरात पडून असलेले सॅनिटायझरही चालते, कारण त्यात मुख्यतः अल्कोहोलच असते. मात्र रंगावर ते साचू देऊ नये, लगेच पुसावे, आणि गॅरेजातल्या रंगावर आधी एखाद्या आडबाजूस थेंब टाकून पाहावा. खाण्याचा सोडा तेलात कालवून लावण्याची एक घरगुती युक्ती प्रसिद्ध आहे. ती काचेपुरती ठीक; रंगावर सोड्याचे कण बारीक ओरखडे पाडतात. शेवटी साबणाच्या पाण्याने तेल धुऊन टाकावे, नाहीतर दुसऱ्याच दिवशी तेथे यार्डातली सगळी हळद बसलेली दिसेल. हे मी अनुभवाने सांगतो.

काचेचे काम त्या मानाने सुखाचे. पुढच्या काचेवर यार्डाचे जुने प्रवेशपास एकावर एक साचून बोटाच्या पेराएवढी चळत झाली होती. कागदी स्टिकरांना उष्णतेपेक्षा पाणी मानवते. ओले फडके अर्धा तास लावून ठेवले की कागद लगद्यासारखा निघतो, आणि खाली राहिलेल्या चिकट्यावर साबणाच्या पाण्यातून नवे, अखंड पाते जवळजवळ आडवे धरून फिरविता येते. कोरड्या काचेवर पाते लावू नये, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. एखाद्या खड्याचा टवका असेल तर तेथून तडा धावतो. ज्यांच्या मोटारीच्या काचांना २०१२ साली काळी फिल्म होती, त्यांस हे सारे पाठ असेल. त्या वर्षीच्या २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आल्यावर चौकाचौकांत फिल्म ओरबाडल्या गेल्या आणि पुढे कित्येक महिने काचांवर चिकट्याचे नकाशे राहिले.

काचेवरचे आणि अंगावरचे सारेच काढावयाचे नसते, हेही लक्षात असू द्यावे. १ एप्रिल २०१९ नंतर तयार झालेल्या वाहनांच्या पुढच्या काचेवर आतून जे होलोग्रामचे लहान स्टिकर असते, ती कायद्याने तिसरी नंबरप्लेटच आहे. काढावयास गेल्यास ती फाटून निकामी होते, कारण ती तशीच बनविलेली असते. फास्टॅगचेही तसेच. वाहन विकताना किंवा आमच्यासारखे एका नावावरून दुसऱ्या नावावर जाताना आधी बँकेकडे तो बंद करवावा आणि मग काचेवरून काढावा. एरवी टोल नव्या मालकाने ओलांडावा आणि पैसे जुन्या खात्यातून जावे, असा प्रकार चालू राहतो. आमच्याकडे तो पंधरा दिवस चालला आणि अण्णांनी त्याचा उल्लेखही केला नाही. मालवाहू गाडीवरच्या परावर्तक पट्ट्या, पुढे पांढरी, मागे तांबडी, बाजूंस पिवळी, यांना तर हातच लावू नये. त्या जुनाट दिसतात म्हणून चिरंजीव काढावयास निघाले होते. पासिंगच्या वेळी त्या नसल्या तर गाडी परत येते, आणि रात्री हायवेवर त्या नसल्या तर काय होते ते सांगावयास नको.

दुसऱ्या रविवारी सौभाग्यवतींनी घरची मोटारही याच कामात आणून उभी केली. तिच्या मागच्या काचेवर, आतल्या बाजूने, २०१८च्या फेब्रुवारीतील श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाचे स्टिकर होते. एक कोपरा सुटून लोंबत होता. त्यास पाते लावू द्यावयास त्या तयार नव्हत्या आणि योगायोगाने यांत्रिकदृष्ट्याही तेच बरोबर होते. मागच्या काचेवर ज्या तांबूस आडव्या रेषा दिसतात त्या धुके घालविणाऱ्या डिफॉगरच्या तारा होत. त्या काचेच्या आतल्या अंगावर असतात आणि पात्याने एक जरी तुटली तरी तेवढी ओळ कायमची गार पडते. तेव्हा आम्ही डिफॉगरच चालू केला. दहा मिनिटांत काच आतून उबदार झाली आणि स्टिकर एका तुकड्यात, रेषांच्या दिशेने, अलगद सुटून आले. सौभाग्यवतींनी ते कपाटाच्या दाराला आतून लावले आहे. तेथून ते पुढे कोण काढणार, हा प्रश्न मी विचारलेला नाही.

संध्याकाळपर्यंत टेम्पोची दोन्ही दारे स्वच्छ झाली. चिकट्याचा कण उरला नव्हता. साबणाने धुतली, कोरडी केली, चार पावले मागे सरून पाहिले, तर वडिलांचे नाव जसेच्या तसे तेथे होते. पिवळे नव्हे, निळे. गडद निळ्या अक्षरांत, फिकट निळ्या दारावर, ‘अँड सन्स’सकट.

मला वाटले, चिकटाच राहिला. पुन्हा तेल लावले, पुन्हा पुसले. ड्रायव्हरने बोट फिरवून पाहिले आणि म्हणाला, “मालक, हाताला काहीच लागत नाही.” खरेच, लागण्यासारखे तेथे काही नव्हते. अक्षरे रंगात उमटली नव्हती. अक्षरांभोवतीचा रंग उडाला होता. अकरा उन्हाळ्यांनी दाराचा निळा फिका केला आणि अक्षरांखालची तेवढी जागा सावलीत राहिली, जशी टेम्पो घेतला त्या दिवशी होती तशी. पुष्कळ मोटारींच्या रंगावर एक पारदर्शक संरक्षक थर असतो आणि तेथे हा फरक बराच कमी दिसतो. आमच्या टेम्पोला तो थर नव्हता, असे रंगारी म्हणाला. अशा वेळी चिकटा काढण्याचे कोणतेही द्रव्य उपयोगी पडत नाही. रबिंग कंपाउंडने सभोवतालचा मेलेला थर घासून काढला तर आतला ताजा रंग वर येतो आणि अक्षरांशी थोडा जुळतो. मी दोन तास घासले. नाव अंधूक झाले. दहा पावलांवरून मात्र वाचता येतच होते.

तिसऱ्या रविवारी अण्णा आले. मी बोलाविले नव्हते; यार्डात कोणीतरी सांगितले असावे. दारापुढे उभे राहून त्यांनी पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले. मी म्हणालो, “अण्णा, तुम्ही सांगितलंत म्हणून काढलं. निघालंय सगळं. हे जे दिसतंय ते...” पुढे काय सांगावे ते मला सुचले नाही. ते म्हणाले, “रेडियमवाल्यानं लहान अक्षरं काढली होती. बाबांनी मोठी करून घेतली. लांबून दिसायला पाहिजे म्हणाले.” मग गोदामाच्या पायरीवर बसले. मीही बसलो. हमाल चहा घेऊन आला. आम्ही दोघेही दाराकडेच पाहत होतो, आणि वाटणीनंतर पहिल्यांदा हळदीच्या भावाशिवाय दुसऱ्या गोष्टी बोललो. कोणत्या ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

उठताना अण्णा म्हणाले, “दोन्ही दारं रंगवून घे. बिल जुन्या खात्यावर टाक.” जुने खाते म्हणजे विसर्जित पेढीचे, येणी-देणी पुरती मिटेपर्यंत ते चालूच असते. मी म्हटले, “टेम्पो माझ्या वाटणीचा आहे, खर्च माझा.” त्यावर ते म्हणाले, “टेम्पो तुझा. नाव पेढीचं. काढण्याचा खर्च पेढीला.” हिशेबात अण्णांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेले नाही.

रंगाऱ्याने दारे घासून, अस्तर लावून, आठवड्यात रंगवून दिली आणि बजावले की महिनाभर यावर काही चिकटवू नका. ताज्या रंगातली द्रावके पुरती उडून जाण्याआधी वर पापुद्रा बसविला तर खाली फोड येतात. त्यामुळे अक्षय्य तृतीयेला नव्या पेढीचा मुहूर्त झाला तेव्हा टेम्पो कोऱ्या दारांनीच उभा होता. जुन्या पेढीच्या खात्यावर अण्णांच्या अक्षरातली शेवटून दुसरी नोंद ‘टेम्पो, दोन दारे, रंगकाम’ अशी आहे. शेवटची, गुळाच्या चाळीस रव्यांच्या हमालीची.